बेल्जियन पद्धतीची गोल्डन एल कशी चाखावी : कोल्हापुरातील नवख्यांसाठी

बेल्जियन पद्धतीच्या गोल्डन एल या बिअरची माझी पहिली बाटली मी पूर्णपणे वाया घालवली. दोन तास फ्रीझरमध्ये ठेवलेली ती बाटली मी एका रविवारी मटणाच्या ताटासोबत उघडली, स्टीलच्या पेल्यात ओतली आणि तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्यांच्या मध्ये ताक प्यावे तशी संपवली. चव म्हणून जे लक्षात राहिले ते रश्श्याचेच होते, आणि बिअरची आठवण म्हणून चारच्या सुमारास जड झालेले डोके तेवढे उरले. पुढे काही महिन्यांनी पुण्यातील एका टॅपरूममध्ये (नळातून थेट ताजी बिअर देणाऱ्या जागेत) त्याच प्रकारची बिअर योग्य ग्लासात, योग्य थंडाव्यावर आणि रिकाम्या जिभेने चाखली, तेव्हा पहिल्या वेळी बिअर नव्हे तर मीच चुकलो होतो हे ध्यानात आले. तेव्हापासून केलेल्या चुका आणि शोधलेल्या सोयी पुढे क्रमाने मांडल्या आहेत. हा लेख कायद्याने मद्यपान करू शकणाऱ्या आणि ते करण्याचे आधीच ठरवलेल्या प्रौढांसाठी आहे.

१. आधी ही बिअर समजून घ्या

दिसायला ही बिअर आपल्या बिअर शॉपीत मिळणाऱ्या साध्या लागरसारखीच (थंडाव्यात आंबवलेल्या नेहमीच्या बिअरसारखीच) फिकट सोनेरी असते, आणि नवख्याची पहिली फसगत इथेच होते. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या मार्गदर्शिकेत या प्रकारातील अल्कोहोलचे प्रमाण ७.५ ते १०.५ टक्के दिले आहे, म्हणजे रंग सौम्य बिअरचा आणि जोर दुपटीच्या आसपास. भारतातील अन्न सुरक्षा मानकांनुसार तीव्र बिअर ५ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान असते. त्यामुळे इथल्या क्राफ्ट ब्रुअरीची (बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्याची) गोल्डन एल मूळ बेल्जियन बिअरपेक्षा थोडी हलकी असणे स्वाभाविक आहे, आणि ते काही न्यून मानू नये.

या प्रकाराचा आदर्श म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते ती डुव्हेल ही बिअर बेल्जियममधील ब्रेंडॉंक येथील मोर्टगाट कुटुंबाच्या ब्रुअरीत तयार होते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश एलची तिकडे चलती होती. त्या चवीची बिअर घरच्या घरी करता यावी म्हणून आल्बर्ट मोर्टगाट स्कॉटलंडला गेले आणि तेथून बिअर आंबवणारे यीस्ट घेऊन आले. त्या यीस्टचा वंश आजही त्या बिअरमध्ये चालू आहे. सुरुवातीला तिचे नाव ‘व्हिक्टरी एल’ होते. एका चांभाराने ती चाखून ‘ही तर खरी सैतान आहे’ असे म्हटल्याची कथा सांगतात आणि १९२३ पासून ती सैतान या अर्थाच्या फ्लेमिश बोलीतील शब्दाने ओळखली जाते. गंमत म्हणजे तेव्हा ती गडद रंगाची होती. आजचे फिकट सोनेरी रूप तिला १९७० मध्ये मिळाले. बेल्जियममध्ये १९१९ च्या कायद्याने कॅफेमध्ये कडक दारू विकण्यास मनाई झाली होती, आणि तिकडच्या बिअर इतक्या तीव्र का झाल्या याचे एक कारण म्हणून या बंदीकडेही बोट दाखवले जाते.

कोल्हापूरकराला मात्र सर्वांत जास्त आश्चर्य साखरेचे वाटेल. या बिअरमध्ये जवाच्या माल्टसोबत (मोड आणून वाळवलेल्या जवासोबत) साधी साखर, बहुधा डेक्स्ट्रोज, मुद्दाम घातली जाते आणि तरीही बिअर गोड होत नाही, उलट कोरडी होते. माल्टमधील काही शर्करा यीस्टला पचत नाहीत आणि त्या बिअरमध्ये मागे राहून तिला अंग देतात. साधी साखर मात्र यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकते, तिचे अल्कोहोल होते आणि मागे गोडवा उरत नाही. उसाच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे उलटे वाटते, पण हे एकदा पटले की चाखताना काय शोधायचे ते निम्मे कळते. काहींनी मला विचारले की साखरेऐवजी आपला गूळ का घालू नये. घालता येतो, पण मग रंग तांबूस होतो, काकवीसारखी छटा येते आणि ती बिअर चांगली असली तरी गोल्डन एल राहत नाही.

२. कागदपत्रे आणि कायदा

‘परमिट रूम’ हा शब्द आपण रोज वाचतो, पण त्यातील परमिट हे दुकानदाराचे नसून पिणाऱ्याचे असते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. जवळ ठेवायची कागदपत्रे अशी :

• वयाचा पुरावा. राज्यात सौम्य बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे अशी मर्यादा आहे. या बिअरची तीव्रता पाहता २५ पूर्ण असणे हाच सुरक्षित निकष धरावा.
• पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र, परवान्याच्या अर्जासाठी.
• परवाना स्वतः, आणि खरेदीची पावती.

आपल्याकडचा नेहमीचा सापळा गोव्याचा आहे. आंबोलीमार्गे परत येताना डिकीत चार-सहा बाटल्या टाकणे ही अनेकांना सहज गोष्ट वाटते, परंतु परवानगीशिवाय परराज्यातील मद्य महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, मग ती स्वस्त व्हिस्की असो की महागडी क्राफ्ट बिअर. शिवाय आषाढी एकादशी, २ ऑक्टोबर आणि मतदानाचे दिवस हे कोरडे दिवस असतात. पाहुणे बोलावण्यापूर्वी दिनदर्शिका पाहावी.

३. बाटली निवडताना

कोल्हापुरात शाहूपुरी, ताराबाई पार्क किंवा राजारामपुरी या भागांतील मोठ्या दुकानांत चौकशी करावी, पण ‘गोल्डन’ या शब्दावर भुलू नये, कारण तो शब्द साध्या लागरच्या लेबलवरही असतो. लेबलवर ‘बेल्जियन’ आणि ‘एल’ हे दोन्ही शब्द आहेत का, अल्कोहोलचे प्रमाण किती आहे आणि उत्पादनाची तारीख कोणती आहे, या तीन गोष्टी वाचाव्यात. आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बिअरही ७-८ टक्क्यांच्या असतात, मात्र त्या लागर यीस्टच्या असतात आणि या लेखातील फळांचा व मसाल्याचा वास त्यांत सापडणार नाही. गव्हाची पांढुरकी बेल्जियन बिअर हा आणखी निराळा प्रकार आहे. तिच्यात धने आणि संत्र्याची साल घातलेली असते आणि दुकानदार अनेकदा दोन्ही एकच असल्याचे सांगतो.

बाटली तपकिरी काचेची असावी. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधील कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यांतून एक उग्र, नकोसा वास तयार होतो आणि हिरवी किंवा पारदर्शक काच तो प्रकाश अडवत नाही. दुकानाच्या दर्शनी काचेत, दुपारचे ऊन खात उभी असलेली बाटली, ती कितीही प्रसिद्ध असली तरी, मी घेत नाही. आतील शेल्फमधील मागावी; दुकानदार एकदा चमत्कारिक नजरेने पाहतो, पण देतो.

टॅपवरची ताजी बिअर चाखायची असेल तर पुणे सोयीचे. डूलाली या छोट्या ब्रुअरीने २००९ मध्ये तिथे सुरुवात केल्यापासून शहरात अशा जागा बऱ्याच झाल्या आहेत. आधी पूर्ण ग्लास न मागवता छोटे नमुने मागवावेत आणि मुक्काम करावा. कोल्हापूरचे सुमारे २३० किलोमीटर त्याच रात्री गाडीने परत येण्याचा विचारही नको.

४. साठवण आणि थंडावा

अशा बिअरचे किण्वन, म्हणजे आंबणे, अनेकदा बाटलीतच पूर्ण होते. भरताना थोडी साखर आणि यीस्ट घातलेले असते आणि त्यातूनच तिचा जोरकस फेस तयार होतो, पण त्याच कारणाने तळाशी यीस्टचा गाळ बसतो. म्हणून बाटली आडवी ठेवू नये. चाखण्याच्या किमान एक दिवस आधी ती फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात उभी करावी. दारातला कप्पा टाळावा, कारण दर वेळी दार उघडताना गाळ ढवळतो. एप्रिल-मे महिन्यांत गाडीत विसरलेल्या बाटलीकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

चाखण्याचे योग्य तापमान साधारण ६ ते १० अंश आहे. फ्रिजमधून काढून उन्हाळ्यात सात-आठ मिनिटे आणि डिसेंबरात वीसेक मिनिटे बाहेर ठेवली तर पुरते. फ्रीझर पूर्ण वर्ज्य. बर्फगार बिअरचा वास वर येतच नाही आणि जीभही बधिर होते, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हाती लागत नाही.

५. लागणारे साहित्य

ग्लास महत्त्वाचा आहे. खाली फुगीर, वर किंचित आवळलेला आणि काठाशी बाहेर वळलेला ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास मिळाला तर उत्तम. नाही तर वाईनचा मोठा ग्लास चालतो. स्टीलचा पेला आणि उभट पाण्याचा ग्लास नको. ग्लास भांडी घासण्याच्या पावडरने आणि तेलकट घासणीने घासलेला असेल तर फेस बसतो. फेस धरून ठेवण्याचे काम जवातील प्रथिने आणि हॉप्समधील द्रव्ये करतात, आणि स्निग्ध पदार्थाचा अंश त्यांचा बांध फोडतो. ग्लास नव्या घासणीने धुऊन, भरपूर पाण्याने विसळून, न पुसता उपडा वाळवावा. ओला असताना पाणी काचेवर सलग पसरले तर ग्लास स्वच्छ. थेंब-थेंब तुटत राहिले तर तेलकट.

याखेरीज ओपनर, साधे पाणी, बिनमिठाचे चुरमुरे किंवा पाव, आणि वही-पेन लागेल. अगरबत्ती, अत्तर आणि स्वयंपाकघरातील फोडणी या तिन्ही गोष्टी तासभर थांबवाव्यात. घरच्यांना हे पटवणे हा या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत अवघड भाग आहे.

६. ओतणे

३३० मिलिलिटरची एक बाटली तिघांत वाटावी. हिशेब सोपा आहे : ८ टक्के बिअरच्या ३३० मिलिलिटरमध्ये सुमारे २६ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते आणि ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्येही साधारण तेवढेच असते. ‘बिअरच तर आहे’ असे म्हणणाऱ्याला एवढे गणित दाखवावे.

ग्लास तिरका धरून बाजूने हळू ओतावे, निम्मा भरत आला की सरळ करून मध्ये ओतावे आणि दोन-तीन बोटे फेस येऊ द्यावा. फेस म्हणजे दुकानदाराने मारलेला काटा, अशी आपली समजूत असते. या बिअरमध्ये मात्र फेस हाच वासाचा वाहक आहे. तळातील शेवटची एक सेंटिमीटर बिअर बाटलीतच ठेवावी. बाटली एकदाच कलवावी आणि तिन्ही ग्लास भरून होईपर्यंत सरळ करू नये, नाही तर गाळ उसळून तिसऱ्याच्या वाट्याला सगळे यीस्ट येते.

७. पाहणे

यासाठी अर्धा मिनिट पुरे. रंग वाळलेल्या गवतापासून फिकट सोन्यापर्यंत, बुडबुड्यांची सरसर सतत वर जाणारी, फेस पांढराशुभ्र आणि घट्ट. फेस खाली बसताना काचेवर जाळीसारखे पांढरे कडे सोडतो. तांबूस किंवा गढूळ दिसल्यास वहीत नोंदवून पुढे जावे.

८. वास घेणे

या पायरीवर घाई करू नका, कारण गोल्डन एलची निम्मी मजा नाकात आहे. ग्लास हलकासा फिरवून तीन वेळा वास घ्यावा : पहिल्यांदा दुरून, मग काठाशी, आणि मग ग्लास दोन मिनिटे तळव्यात धरून किंचित उबदार झाल्यावर.

पहिल्या वेळी बहुतेकांना ‘बिअरचा वास’ यापलीकडे काही सांगता येत नाही. त्याचे कारण नाक कमजोर असते हे नाही. वासाला जोडायला शब्द जवळ नसतो. परदेशी वर्णनांत येणारी फळे आणि फुले आपण कधी हुंगलेलीच नसतात. यावर मला सापडलेला उपाय असा की स्वयंपाकघरातून पाच वाट्या मांडायच्या : एका वाटीत ठेचलेली लवंग, दुसरीत भरडलेली काळी मिरी, तिसरीत संत्र्याची ताजी साल, चौथीत पिकलेल्या पेराची किंवा सफरचंदाची फोड, पाचवीत वेलची केळ्याचे काप. आधी वाटी हुंगायची, मग ग्लास, मग पुन्हा वाटी. कांदा-लसूण मसाल्यात लवंग जास्त झाली की उंबऱ्यावरून ओळखणाऱ्या शहराला हे जड जाऊ नये.

हे वास बाहेरून घातलेले नसतात. बेल्जियन यीस्ट काहीशा उबदार वातावरणात काम करताना एस्टर नावाची द्रव्ये तयार करते, आणि केळ्याच्या वासाचे आयसोअमाइल ॲसिटेट हे त्यांपैकीच एक. लवंगेसारखा वास फेनॉल गटातील ४-व्हिनाइल ग्वायाकॉलचा असतो, आणि खऱ्या लवंगेतील युजेनॉल हे त्याचेच कुळबंधू आहे. गोल्डन एलमध्ये पेर, सफरचंद, संत्रे पुढे असावेत, मिरी आणि लवंग मागे, आणि त्यांच्याही मागे हॉप्सचा फुलांसारखा, गवतासारखा हलका दरवळ. डुव्हेलमध्ये चेक देशातील साझ आणि स्लोव्हेनियातील स्टिरियन गोल्डिंग हे हॉप्स वापरतात, आणि दोन्हींचा स्वभाव सौम्य आहे. केळेच केळे जाणवत असेल तर तोल गेला आहे, असे माझे मत आहे. काहींना ते आवडते, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

९. घोट घेणे

पहिला घोट केवळ तोंड तयार करण्यासाठी. दुसरा घोट जिभेवर तीन-चार सेकंद फिरवावा आणि गिळावा. वाईनच्या चाखणीत थुंकतात तसे करू नये, कारण बिअरचा कडवटपणा घशाशी आणि गिळल्यानंतर जाणवतो. आधी माल्टचा किंचित गोडवा येतो, लगेच सोड्यासारखे टोचणारे बुडबुडे तो उचलून नेतात, मग मिरीसारखी चुणचुण, आणि शेवटी तोंड स्वच्छ आणि कोरडे पडते. छातीत हलकी ऊब जाणवली तर ते अल्कोहोल आहे. ती ऊब चालते, पण स्पिरिटसारखी आग किंवा नेलपॉलिशसारखा वास चालत नाही. गिळल्यावर तोंडात पाकासारखा चिकटपणा उरला तर किण्वन अर्धवट झाले असे समजावे. त्या साखरेच्या गोष्टीची परीक्षा इथे होते.

घोटांमध्ये पाणी प्यावे आणि दोन चुरमुरे चावावेत. शंभर मिलिलिटरला वीस मिनिटे लागली तर वेग योग्य आहे.

१०. दोष ओळखणे

लोण्याचा किंवा वनस्पती तुपाचा वास म्हणजे डायअसिटिल. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे बिअर जुनी होऊन हवेने खराब झाली. आंबट ताकाचा म्हणजे नको ते जिवाणू शिरले. या प्रकारात आंबटपणा अपेक्षित नाही, त्यामुळे ‘बेल्जियन बिअर अशीच असते’ या उत्तरावर समाधान मानू नये. मला एकदा टॅपवर असा ग्लास मिळाला होता. शांतपणे सांगितल्यावर त्यांनी स्वतः चाखून तो बदलून दिला.

११. सोबत काय खावे

चाखणी संपेपर्यंत काही नको. त्यानंतरही तांबडा रस्सा या बिअरसोबत ठेवू नये, कारण अल्कोहोल आणि बुडबुडे दोन्ही तिखटाची आग वाढवतात, आणि ओठांवरचा तेलाचा कट ग्लासातील फेस क्षणात मारतो. नारळाचे दूध, खसखस आणि पांढऱ्या मिरीचा पांढरा रस्सा मात्र आश्चर्यकारकरीत्या जुळतो : त्याचा मऊपणा बिअर धुऊन नेते आणि मिरीला मिरी भेटते. भडंग नंतरसाठी बरे, कमी तिखट असेल तर.

गाडीची चावी आधीच दुसऱ्याकडे द्यावी. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाही १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

१२. नोंद आणि तीन ग्लासांची परीक्षा

नोंद मराठीतच लिहावी, आणि ‘छान’ हा शब्द वापरू नये. माझ्या वहीतील एक नोंद अशी आहे : ‘रंग गव्हाच्या काडीचा. फेस सहा मिनिटे टिकला. आधी पेर, ऊब आल्यावर संत्र्याची साल. लवंग अगदी शेवटी. कोरडी. कडवटपणा मेथीसारखा नाही, कारल्याच्या सालीसारखा, आणि लगेच जाणारा.’ अशा चार नोंदी झाल्या की पाचवी बाटली विकत घेताना स्वतःची आवड नेमकी सांगता येते. बाटलीत ठेवलेली ती शेवटची एक सेंटिमीटर बिअर आता हलवून वेगळी चाखावी. ती पावासारखी, किंचित कडू लागते आणि यीस्टची चव कोणती हे कायमचे कळते.

सराव झाल्यावर एक खेळ करून पाहावा. दोन ग्लासांत गोल्डन एल आणि तिसऱ्यात साधी स्ट्राँग लागर, तिन्ही सारख्याच थंडाव्यावर, कोणते कुठे हे ओतणाऱ्यालाच ठाऊक. चाखणाऱ्याने डोळे बांधून वेगळा ग्लास ओळखायचा. आम्ही पाच जणांनी हे केले तेव्हा ग्लास मुद्दाम बर्फगार ठेवले होते आणि दोघांनाच ओळखता आले. वीस मिनिटांनी, तेच ग्लास कोमट होऊ लागल्यावर, पुन्हा चाखले तेव्हा चौघांनी ओळखले. पाचवा मी होतो. त्या दिवशी मला सर्दी झाली होती, असे मी अजून सांगतो.